साठ फुटी गाळा

ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यात जे. पी. नगरमधल्या आमच्या सोसायटीत माझा भाव एकदम वधारला. त्यात माझे कर्तृत्व शून्य होते. ३० जुलैला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, चूरलमला इथला पूल वाहून गेला, आणि आपल्या बंगळुरूच्याच मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या जवानांनी १ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत तिथे १९० फूट लांबीचा, २४ टनांचा भार घेणारा बेली पूल उभा केला. त्या कामात आघाडीवर असलेल्या मेजर सीता शेळके आपल्या नगर जिल्ह्यातल्या. त्यांचा पुलावरचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. मी बॉम्बे सॅपर, म्हणजे खडकीच्या घराण्यातला. पण सॅपर तो सॅपर. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला हा फरक समजावण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी अभिनंदन मुकाट्याने स्वीकारत होतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर राहतात. सत्तरी ओलांडलेले, कन्नडिगा, रोज सकाळी न चुकता फिरायला जाणारे. त्यांनी मात्र अभिनंदन केले नाही, प्रश्न विचारला. ‘‘कर्नल साब, इथे गल्लीतलं गटार दुरुस्त व्हायला महिना लागतो. तुम्ही लोक दीड दिवसात पूल कसा बांधता?’’

मी म्हणालो, ‘‘सर, पूल दीड दिवसात जोडला. त्याचा विचार १९४० मध्येच करून ठेवलाय.’’

उत्तर चटपटीत होते आणि खरेही होते. बेली पुलाची मुख्य चौकट दहा फूट लांबीची. सहा जवान ती उचलतात. पिना ठोकून एकीला दुसरी जोडत जायचे. गाळा मोठा असेल तर चौकटी शेजारी-शेजारी किंवा एकावर एक वाढवायच्या. किती फुटांना आणि किती टनांना काय लागेल ते तक्त्यात दिलेले असते. दापोडीच्या सीएमईमध्ये आम्ही हे तक्ते पाठ केले. डोनाल्ड बेली या ब्रिटिश इंजिनिअरने दुसऱ्या महायुद्धात केलेली ही रचना. सगळे तुकडे एका मापाचे, सगळे अदलाबदल करता येणारे.

त्या रात्री मात्र माझ्या डोक्यात बेली नव्हता. त्याच्या ऐंशी वर्षे आधी हीच कल्पना घेऊन आपल्या वसईच्या खाडीवर उतरलेला दुसरा एक इंजिनिअर होता. लेफ्टनंट कर्नल जॉन पिट केनेडी, म्हणजे जे. पी. केनेडी. आमचे जे. पी. नगर जयप्रकाश नारायणांचे, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण नावाच्या या योगायोगामुळे तो गेली दोन वर्षे माझ्या मनात घर करून आहे, आणि त्याचे एक देणे माझ्याकडे बाकी आहे. ते शेवटी सांगतो.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की मी विरारचा. वडिलांनी तीस वर्षे लोकलने नोकरी केली. लहानपणी त्यांच्याबरोबर मुंबईला जाताना नायगाव सुटले की गाडीचा आवाज बदलायचा. खाली पाणी, मग पाणजू बेट, मग पुन्हा पाणी, मग भाईंदर. बायका खिडकीतून निर्माल्य सोडायच्या आणि मी लोखंडी पट्ट्या मोजायचो. ती खाडी म्हणजे उल्हास नदीचे एक मुख. पलीकडे वसईचा किल्ला, जो चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला. किल्ल्याचा इतिहास आम्हाला शाळेत होता, पुलाचा नव्हता. आज गाडी ज्या पुलांवरून जाते ते बरेच नंतरचे. पण तिथे पहिल्यांदा रूळ नेले ते केनेडीच्या रचनेने.

केनेडीचा जन्म १७९६ चा, आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यातला. वुलिचच्या मिलिटरी अकॅडमीतून तो १८१५ मध्ये रॉयल इंजिनिअर्समध्ये आला. ग्रीसच्या किनाऱ्याजवळच्या केफालोनिया बेटावर त्याने चार्ल्स नेपियरच्या हाताखाली रस्ते बांधले. हा तोच नेपियर, ज्याने पुढे सिंध जिंकला. १८४९ मध्ये नेपियर हिंदुस्थानचा सरसेनापती झाला तेव्हा केनेडीला त्याने सोबत आणले. सिमल्याकडून तिबेटच्या दिशेने जाणाऱ्या हिंदुस्थान-तिबेट रस्त्याचे सुरुवातीचे काम त्याच्या देखरेखीखाली झाले. डोंगरात रस्ता काढलेला माणूस चढाला घाबरायला शिकतो. रेल्वेचा सरकारी सल्लागार इंजिनिअर झाल्यावर त्याने ठामपणे मत दिले की रूळ सह्याद्रीच्या घाटांवर चढवू नका, किनाऱ्याने सपाट जा.

जीआयपी रेल्वेने त्याचे ऐकले नाही. तिने बोरघाटात ३७ फुटांना एक फूट अशा चढाचा मार्ग काढला आणि १८६३ मध्ये तो सुरूही केला. केनेडी मात्र आपल्या मताला धरून १८५५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा कारभारी आणि इंजिनिअर झाला. तीच आजची पश्चिम रेल्वे.

किनाऱ्याने गेले की घाट टळतो हे खरे, पण नद्या टळत नाहीत. सह्याद्री आणि सातपुड्यातून पश्चिमेला वाहणारे सगळे पाणी या मार्गाला आडवे येते. नर्मदा, तापी, दमणगंगा, वैतरणा, वसईची खाडी, आणि मधले असंख्य ओढे. घाटवाल्यांना एक मोठी लढाई होती, तर केनेडीला शंभर छोट्या. शिवाय यांतल्या बऱ्याच ठिकाणी खाली खडक हाताशी नाही. वाळू, गाळ, खाडीचा मऊ चिखल. दगडी कमानींना घट्ट पाया लागतो, पाथरवट लागतात आणि वर्षे लागतात.

त्याने लष्करी इंजिनिअरला शोभेल असे उत्तर काढले. प्रत्येक नदीसाठी वेगळा पूल काढायचाच नाही. साठ फुटांचा एकच लोखंडी गाळा ठरवायचा. नदी लहान असेल तर चार गाळे, मोठी असेल तर साठ. कारखाना इंग्लंडात, माप एक, तुकडे एक, जोडणारे मिस्त्रीही तेच. एका पुलावर हात बसला की पुढच्या पुलावर काम आपोआप वेग घेते.

वरचा भाग म्हणजे वॉरन गर्डर. जेम्स वॉरनने १८४८ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले होते. वर एक आडवी पट्टी, खाली एक, आणि मधे समभुज त्रिकोणांची रांग. गाडीचा भार आला की वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते आणि तिरक्या पट्ट्या भार वाटून घेत तो खांबापर्यंत नेतात. चौकोन पिरगळून वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. पत्त्यांचा बंगला करून पाहिलेल्या कोणालाही हे पटेल. तुकड्यांचे प्रकार थोडे आणि वजन कमी. सुएझ कालवा १८६९ चा, म्हणजे तेव्हा सगळे लोखंड आफ्रिकेला वळसा घालून यायचे. जहाजात प्रत्येक टनाचे भाडे. हलक्या गर्डरचे महत्त्व त्यातून कळते.

खालचा भाग मला जास्त आवडतो. चिखलात पाया कसा घ्यायचा हा प्रश्न बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल नावाच्या माणसाने सोडवला होता. मिचेल ऐन तरुणपणीच अंध झाला. विटांचा व्यवसाय करता करता तो हाताने चाचपून प्रयोग करायचा. १८३३ मध्ये त्याने मळसूत्री खांबाचे पेटंट घेतले. खांबाच्या टोकाला रुंद पात्याचा एक वेढा, अगदी स्क्रूसारखा. खांब ठोकायचा नाही, पिळून आत न्यायचा. पाते रुंद असल्यामुळे मऊ मातीतही त्याला बसायला जागा मिळते. टेम्स नदीच्या मुखाशी मॅप्लिनच्या वाळूवर या खांबांचा पाया घेऊन दीपगृह उभे राहिले. जिथे ओहोटीला माणूस गुडघाभर रुततो तिथे हे खांब टिकले.

केनेडीने हेच खांब घेतले. ओतीव लोखंडाचे, आतून पोकळ, सुमारे अडीच फूट व्यासाचे नळ. एक तुकडा आत गेला की त्यावर दुसरा बोल्टने जोडायचा आणि पुन्हा फिरवायचे. फिरवायला लांब दांडे, आणि त्या दांड्यांना जुंपलेले बैल. तेलाच्या घाण्याला बैल फिरतो ना, तसेच. फक्त इथे घाण्यातून तेल निघत नव्हते, तर विलायती लोखंडाचा स्क्रू नदीच्या पोटात उतरत होता. कारखान्यातली अचूकता आणि गावचा बैल एकाच कामावर. आमच्याकडेही याहून वेगळे काय आहे? चौकट कारखान्याची, खांदा जवानाचा.

कामाला वेग आला. १८६० मध्ये अंकलेश्वर ते उतराण हा पहिला तुकडा सुरू झाला. नर्मदेवर पूल झाला, तापीवर झाला, आणि मार्ग दक्षिणेला सरकत वैतरणा, मग वसईच्या खाडीपर्यंत आला. त्या खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. काम करायला मिळायचे ते पाण्याच्या वेळापत्रकानुसार. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल धावली. माझ्या वडिलांची तीस वर्षे, माझी शाळा, आमच्या विरारकरांचा सगळा दिनक्रम या साठ फुटी गाळ्यांवरून आलेला आहे. हे मी कृतज्ञतेनेच लिहितो.

आता दुसरी बाजू.

वसईची खाडी आणि भरुचची नर्मदा कागदावर सारख्याच दिसतात. दोन्ही रुंद, दोन्हीचा तळ मऊ. पण खाडीचे पाणी रोज येते आणि रोज जाते. ते आपला स्वभाव लपवत नाही. नर्मदा अमरकंटकहून तेराशे किलोमीटर येते. वर्षातले आठ महिने ती वाळूच्या पात्रात निवांत असते, आणि मग एखाद्या पावसाळ्यात अर्ध्या मध्य हिंदुस्थानचे पाणी एकदम घेऊन उतरते. साठ फुटांवर एक अशी खांबांची ओळ म्हणजे तिच्यासमोर उभे केलेले कुंपणच.

पुरात काय होते ते सांगतो. खांबांमुळे वाट अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो. खांबावर आपटलेले पाणी खाली वळते आणि बुडाशी भोवरा धरते. तो भोवरा वाळू उचलून नेतो. यालाच आम्ही स्कवर म्हणतो. ओहोटीत समुद्रकिनारी उभे राहिल्यावर पायाखालची वाळू सरकते, तेच, पण वीस-तीस फूट खोल. वाहून आलेली झाडे खांबांना अडकली की वाट आणखी तुंबते. आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की पूर ओसरताना तो खड्डा नव्या वाळूने पुन्हा भरतो. हिवाळ्यात पाहणी करणाऱ्याला तळ जसाच्या तसा दिसतो. पायाची पकड सुटलेली असते, पण डोळ्यांना कळत नाही.

१८६८ च्या पुरात नर्मदेच्या पुलाचे नुकसान झाले. दुरुस्ती झाली. १८७६ च्या पुरात तर अनेक गाळे वाहून गेले. त्रिकोण चुकले नव्हते. स्क्रूही चुकला नव्हता. जे माप शंभर ओढ्यांना बरोबर होते ते एका नदीला पुरले नाही.

इथे केनेडीला दोष देणे सोपे आहे. तो लंडनमध्ये बसून कारभार पाहत होता, नर्मदेच्या पुराच्या जुन्या नोंदी हाती नव्हत्या, आणि मार्ग लवकर सुरू करण्याचा दबाव होता. पण मी तो दोष देऊ शकत नाही, कारण मी स्वतः तेच केले आहे.

मी कॅप्टन होतो. उत्तरेकडच्या एका खोऱ्यात आमच्या तुकडीला नाल्यावर बेली पूल टाकायचा होता. एप्रिल महिना. नाल्यात पाणी घोट्याएवढे. मी टेप लावला, गाळा मोजला, तक्ता उघडला, चौकटींची संख्या काढली. सगळे चोख. आमच्याकडे काम करणारा एक म्हातारा हमाल दोन दिवस नुसता पाहत होता. तिसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ आला, काठावरच्या एका मोठ्या काळ्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘साब, जुलाई में पानी इस पत्थर के पीछे से भी जाता है।’’ तो दगड माझ्या टेकूच्या मागे, चांगला पंधरा फूट वर होता. मी नाल्याकडे पाहिले, त्या दगडाकडे पाहिले आणि हसलो. ‘‘चाचा, आप चाय पिओ,’’ म्हणालो. माझे जवानही हसले. तेही माझ्यामुळेच.

पूल वेळेच्या आधी झाला. सीओ साहेबांनी पाठ थोपटली.

जुलैत एका रात्री पाणी त्या दगडामागून आले. पलीकडचा टेकू, तारेच्या जाळीत दगड भरून आम्ही उभा केलेला, बुडातून पोखरला गेला. पूल तुटला नाही. एकही पिन निसटली नाही. अख्खा पूल एका अंगावर कलंडला आणि त्याचे टोक पाण्यात गेले. पहाऱ्यावरच्या जवानाला आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणून त्याने पलीकडून येणाऱ्या दोन गाड्या थांबवून धरल्या होत्या. त्यातल्या पहिल्या गाडीत अकरा जण होते. त्याने मला रेडिओवर विचारले, ‘‘साब, रोकूं क्या?’’ मी अर्धवट झोपेत म्हणालो, ‘‘पूल ठीक है, पर रोक लो।’’ त्या ‘पर’ वर अकरा जीव तरले, आणि तो ‘पर’ माझ्या तोंडून का आला हे मला आजही सांगता येणार नाही.

चौकशी झाली. अहवालात कारण लिहिले गेले, ‘असाधारण पूर’. सही करणाऱ्यांत मीही होतो. शब्द खोटा नव्हता, पण अपुरा होता. त्या खोऱ्यातल्या एका माणसाला तो पूर मुळीच असाधारण वाटत नव्हता. त्याने मला तारीख सोडून सगळे सांगितले होते. मी नंतर त्याला शोधले. तो खाली आपल्या गावी निघून गेला होता.

म्हणून नर्मदेच्या बाबतीत पुढे काय झाले हे मला महत्त्वाचे वाटते. १८७६ नंतर तोच साठ फुटी गाळा पुन्हा उभा करता आला असता. कारखाना होता, माप होते, सवय होती. तसे केले नाही. सर जॉन हॉकशॉ यांच्याकडून नवी रचना करून घेतली. ७ डिसेंबर १८७७ ला काम सुरू झाले आणि १६ मे १८८१ ला पूल खुला झाला. सुमारे १.४ किलोमीटर लांबीचा, आणि गाळे फक्त पंचवीस. म्हणजे एकेक गाळा केनेडीच्या गाळ्याच्या तिप्पट. वरचे लोखंड जास्त जड आणि जास्त महाग झाले, पण पात्रातले खांब कमी झाले आणि नदीला वाट मोकळी झाली. पाण्याशी झगडायचे ठिकाण कमी करणे, एवढेच त्याचे मर्म. लोक या पुलाला गोल्डन ब्रिज म्हणतात. त्यावर इतका पैसा ओतला गेला की पूल सोन्याचाच झाला असता, असे भरुचकर सांगतात. १९३५ मध्ये रेल्वेसाठी शेजारी नवा पूल झाला आणि हा रस्त्याला मिळाला. पुढे कित्येक दशके अंकलेश्वरची वाहतूक यावरून चालली.

केनेडी हा पूल उघडलेला पाहू शकला नाही. तो १८७९ मध्ये लंडनला वारला. पण त्याची कल्पना हरली असे मी म्हणणार नाही. साठ फुटी गाळा नसता तर १८६४ मध्ये मुंबईला गाडी पोहोचली नसती. एका मापाचे सामान हे इंजिनिअरचे मोठे बळ आहे. वायनाडमध्ये पलीकडच्या काठावर अडकलेल्यांना ते बळ दीड दिवसात मिळाले. फक्त ते बळ पुलाच्या वरच्या अर्ध्यापुरते असते. पुलाचा वरचा अर्धा भाग कारखाना ठरवतो, खालचा अर्धा नदी ठरवते, आणि नदीचा तक्ता छापलेला नसतो. तो कोणातरी म्हाताऱ्याला पाठ असतो.

काल सकाळी वरच्या मजल्यावरचे सर पुन्हा भेटले. आम्ही बन्नेरघट्टा रस्त्यापर्यंत चालत गेलो. मेट्रोच्या खांबांवर काँक्रीटचे एकसारखे तुकडे ओळीने बसलेले. मी त्यांना केनेडीची गोष्ट सांगितली, मग माझ्या नाल्याचीही सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांच्या नोकरीतल्या पहिल्या साहेबाने त्यांना शिकवले होते की साइटवर गेल्यावर टेप काढायच्या आधी तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाबरोबर कॉफी प्यायची.

मीही त्या चाचाला चहा पाजला होता. त्याच्याबरोबर बसून प्यायलो नव्हतो, एवढाच फरक. आता माझ्या हाताखाली नवे अधिकारी येतात तेव्हा तक्ते ते घोटूनच आलेले असतात. मी त्यांना वसई आणि भरुच, दोन्ही पुलांची गोष्ट सांगतो. मग तो काळा दगड सांगतो. माझे नाव घालून सांगतो. केनेडीचे आणि त्या चाचाचे मी इतकेच देणे फेडू शकतो.